तांबूळवाडीचे नऊ आणे

डोळे मिटा बघू जरा. एक माळ डोळ्यांपुढे आणा. तांबडा, मुरमाड, अनवाणी पायाला टोचणारा. सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, माणदेशाच्या कडेला असे माळ कितीतरी आहेत, त्यातला कुठलाही घ्या. त्यावर गुडघाभर बाजरी उभी करा. तिची खालची पानं पिवळी पडली आहेत, भाद्रपद सरत आलाय आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख आहे. आता त्या बाजरीत बाभळीच्या चार खुंट्या ठोका. तेहतीस फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. चारी खुंट्यांना सुतळी बांधा. झालं? आता मनातल्या मनात उत्तर द्या. सुतळीच्या आतलं एवढंसं रान पाहून साऱ्या गावाच्या चुलीवर पुढे वर्षभर काय शिजणार आहे, हे सांगता येईल?

कचेरीतल्या लोकांना वाटत होतं, येईल.

साल एकाहत्तर. तांबूळवाडीपासून कोसभर वर खडकमाळ नावाची वस्ती होती. धनगरांची अठरा घरं. त्यातलं एक सिद्धनाथचं. घरात बायको केराबाई, चौथीत शिकणारी कस्तुरा, दीड वर्षांचा बाळासो, आणि दारात बावीस मेंढरं. चार एकर रान, तेही असं की नांगर घातला तर आधी ठिणगी उडायची आणि मग माती दिसायची.

एके सकाळी तलाठी कोतवालाला घेऊन माळ चढून आला. वस्तीवर सरकारी माणूस येणं म्हणजे नवलच. साहेबलोक यायचे ते गावात, चावडीवर. सरपंच कुंडलिकतात्यांच्या ओसरीवर चहा घ्यायचे आणि आल्या वाटेनं जायचे. म्हणून तलाठी दिसला तशी पोरं झोपडीमागं पळाली आणि सिद्धनाथनं डोक्याचा पटका सारखा केला.

"सिद्धनाथ, तुझा नंबर निघालाय," तलाठी धापा टाकत म्हणाला.

"कसला नंबर, भाऊसाब? काय गुन्हा झाला व्हय?"

"गुन्हा न्हाय रं. तुझ्या रानाचा नंबर. जिल्ह्याला चिठ्ठी काढत्यात, त्यात निघाला. पीककापणीचा प्रयोग हाय. गावाची आणेवारी तुझ्या रानावरनं ठरायची."

त्यानं खिशातला कागद काढला, रानाच्या कोपऱ्यावर उभं राहून पावलं मोजली. लांबीत चव्वेचाळीस, रुंदीत सतरा. जिथं पाऊल थांबलं तिथं कोतवालानं खुंटी ठोकली. ती जागा पडली खालच्या बांधाजवळ, जिथं चार पावसाची वाहून आलेली माती थोडी साचली होती. साऱ्या रानात तेवढीच जागा अशी होती, की खुंटी सरळ आत गेली.

"वीसेक दिसांनी साहेब येतील. तवर राख. मेंढरं शिरली तर तुझ्यावर येईल," असं सांगून तलाठी गेला.

सिद्धनाथ किती तरी वेळ त्या सुतळीला हात लावून उभा होता. मग कस्तुराला म्हणाला, "पोरी, सबंध गावातनं आपलं रान निवडलं गं सरकारनं."

कस्तुराला आणेवारी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण शाळेत गुरुजी पाटीवर मार्क देत, तशी ही रानाची परीक्षा असावी, हे तिनं ताडलं. कोतवाल बोलता बोलता म्हणाला होता की पुरं पीक म्हणजे सोळा आणे. म्हणजे सोळापैकी सोळा. तिनं ठरवून टाकलं की आपलं रान पहिलं आलं पाहिजे.

खडकमाळावर एक रीत होती. पाहुण्यापुढं उणं दिसू द्यायचं नाही. घरात मूठभर पीठ असलं तरी ती मूठ पाहुण्याच्या ताटात. घरच्यांनी ताक पिऊन निजायचं. मेंढरांच्या कळपात पाहुणा आला तर लंगडं मेंढरू मागं लोटायचं आणि जाडजूड मेंढा पुढं घ्यायचा. ते खोटं बोलणं आहे असं कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि सरकार तर वस्तीवर पहिल्यांदाच पाहुणं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धनाथ म्हणाला, "पानी घालाय पायजे."

केराबाईनं बाळासोला मांडीवरून खाली ठेवलं. "अवं, माणसास्नी प्यायला कोस तुडवावा लागतोय, आन् बाजरीला घालायचं?"

"समद्या रानाला कुटं घालतोय? खुंट्यांच्या आत तेवढं."

"आन् भायेरचं?"

"भायेरचं कोण बघतंय?"

आड ओढ्यात होता, माळाच्या पायथ्याला. उतरताना पाय घसरायचे, चढताना छाती भरून यायची. केराबाईच्या डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. कस्तुराच्या डोक्यावर लहान घागर. पहाटे पाच खेपा, ऊन उतरल्यावर पाच. शाळेत जायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर. दहाव्या दिवशी चुंबळीखाली कस्तुराच्या टाळूवरचे केस विरळ झाले आणि बोट लावलं तरी झोंबू लागलं. केराबाईच्या मानेत उसण भरली होती. मान वळवायची तर ती सगळं अंगच वळवायची, बैलासारखी.

ओंजळीनं, ताटाच्या बुडाशी, थेंब बाहेर जाऊ न देता पाणी घालायचं. सुतळीच्या पलीकडं बोटभर अंतरावरची बाजरी वाळून कडकडायची. एकदा कस्तुराच्या ओंजळीतून तिकडं थोडं सांडलं, तर सिद्धनाथ ओरडला, "आतमंदी, आतमंदी!"

दिवसभर पाखरं राखायला सिद्धनाथ गोफण घेऊन बांधावर बसायचा. शेजारची बजाबाई, कस्तुराची चुलत काकी, येता-जाता टोमणा मारायची, "भावजी, रात्री पांघरूण बी घालत जा की तिला. गारठा पडतोय."

अठराव्या दिवशी साहेब आले. तलाठ्याचा वरचा साहेब सर्कल, तलाठी, ग्रामसेवक, आणि त्यांच्यापुढं वाट दाखवत कुंडलिकतात्या. पिवळ्या माळावर तो हिरवा चौकोन लांबूनच दिसत होता. ताटं कमरेपर्यंत, कणसं वीतभर, दाणा भरलेला.

सर्कल चष्मा पुसत म्हणाला, "एवढीच हिरवी कशी?"

"लेकरावानी राखली, सायेब," सिद्धनाथ हात जोडून म्हणाला. त्याच्या तोंडावर असं हसू होतं की कस्तुरानं ते आधी कधी पाहिलं नव्हतं.

सर्कलनं तलाठ्याकडं पाहिलं. तलाठ्यानं घड्याळाकडं. अजून दोन गावं उरकायची होती. "खुंट्यांच्या आतलं मोजायचं," तलाठी म्हणाला. "भायेरच्याला फारमात जागा न्हाय."

कणसं कापली, घोंगड्यावर पसरली, बडवली. केराबाईनं उपणली. माप घालताना सिद्धनाथनं पहिल्या मापाला एक म्हटलं नाही, रीतीप्रमाणे 'लाभ' म्हटलं. रास पाहुण्यांसमोर थोडकी दिसली तेव्हा केराबाई मुकाट्यानं झोपडीत गेली आणि पदराआड गेल्या सालच्या बाजरीच्या दोन ओंजळी आणून तिनं राशीच्या कडेला सारल्या. कस्तुरानं ते पाहिलं. आयेनं तिच्याकडं पाहून डोळे मिचकावले, आणि दोघी हसल्या.

मग तराजू लागला. घरात एकच कोंबडा होता, तो त्या दिवशी शिजला. हाडूक चोखत कुंडलिकतात्या सर्कलला म्हणाले, "आमच्या खडकमाळाचं ह्ये असंय म्हटल्यावर गावंदरीच्या रानाचं काय बोलायचं, सायेब!" आणि पंच म्हणून त्यांनी सही ठोकली. खाली सिद्धनाथचा अंगठा उठला.

खुंट्यांच्या बाहेरच्या चार एकरांत, त्यानंतर आठवड्यानं, दोन पोती बाजरी निघाली. त्यातलं निम्मं भूस होतं.

यादी लागली दिवाळीनंतर. कोणत्या गावांना सरकारी दुष्काळी काम मिळणार, त्याची. चावडीवर माणसं जमली होती. ग्रामसेवकानं यादी दोनदा वाचली. तांबूळवाडी तीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत कस्तुरानं मानसिंग गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आमच्या रानाला किती आणे मिळाले?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "नऊ. सगळ्या गावाला नऊ."

"सोळापैकी नऊ? लई कमी झालं."

"कमी?" गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग त्यांनी तिला जवळ बसवलं आणि पाटीवर रेघ मारून समजावलं. सोळा आणे म्हणजे भरघोस. सहा आण्यांच्या खाली गेलं की सरकार दुष्काळ मानतं, काम काढतं, माणसाला घरच्या जवळ मजुरी देतं. सहाच्या वर गेलं की गावाला कशाची गरज नाही. "पलीकडची कुरणवाडी बघ. तिथं तीन विहिरी आहेत, ऊस उभा आहे. पण खुंट्या पडल्या खडकावर. त्यांना चार आणे मिळाले."

कस्तुरानं रेघेकडं पाहिलं. सहाच्या जागी खडूचा ठिपका होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मंजी आमी पानी घातलं नसतं तर?"

गुरुजींनी पाटी पुसली.

कुंडलिकतात्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की वजन रीतसर झालं आहे, पंचांच्या सह्या आहेत. मग तात्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सिद्धनाथला बोलावलं. "गावाच्या तोंडात माती घातलीस रं. तुला कुणी शाणपणा सांगितला होता?"

"तात्या, तुमी बी हुता की तितं."

"मी जेवाया हुतो! पानी घालाया न्हवतो!"

लोक हसले. त्या दिवसापासून सिद्धनाथचं नाव नऊआणे पडलं. पिठाच्या गिरणीवर, आडावर, देवळापाशी, "आलं बघा नऊआणे." पोरं लांबून हाक मारून पळायची. तो मान खाली घालून जायचा. घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि केराबाईनं वाढलेली भाकरी तशीच पडून राहायची. एकदा ती चिडून म्हणाली, "माझ्या वंजळी बी हुत्या त्यात. मला बी नाव ठिवा म्हणावं." तेव्हा तो पहिल्यांदा रडला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

पौषात मेंढरांना चारा उरला नाही. वस्तीवरच्या दोन घरांबरोबर सिद्धनाथ मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडं गेला. जाताना त्यानं कस्तुराच्या टाळूवर हात ठेवला. तिथं नवे केस उगवत होते, बारीक, टोचणारे. मेंढरं पुढं गेली, आणि तोही गेला.

कुरणवाडीला रस्त्याचं काम निघालं होतं. खडी फोडायची. केराबाई तिथं गेली तर मुकादम म्हणाला, "गाव?"

"तांबूळवाडी."

"तुमास्नी कशाला काम? नऊ आण्याचं गाव तुमचं. जा, बाजरी खा."

चार दिवसांनी बजाबाई बातमी घेऊन आली. कुरणवाडीतल्या पुष्कळ बायकांची नावं हजेरीपटावर होती, काहींची तर दोनदा, पण घरचा ऊस असल्यानं त्या कामावर येत नव्हत्या. त्यांच्या नावावर दुसरीनं राबायचं. निम्मी मजुरी नाववालीच्या घरी, निम्मी राबणारीची. मुकादमाला ठाऊक होतं, आणि गप्प राहण्याबद्दल त्याचंही काही तरी होतं. त्या दिवसापासून केराबाई कामावर शिवबाई झाली, आणि बजाबाई झाली रंभाबाई. तांबूळवाडीच्या तीस-पस्तीस बायका तशाच दुसऱ्या कुणी तरी झाल्या.

बाळासोला सांभाळायला कस्तुराची शाळा सुटली. पहाटे दोन कोस चालत जायचं, सांजेला दोन कोस परत. वाटेत आय तिला शिकवायची. "तुझं गाव कुटलं?"

"कुरनवाडी."

"माझं नाव?"

"शिवबाई."

"आन् तात्या दिसलं तर?"

"वळखायचं न्हाय."

पहिल्या दिवशी हजेरीच्या वेळी कारकुनानं "शिवबाई!" अशी हाक मारली, तेव्हा केराबाई खाली बघत तशीच बसली होती. शेजारच्या बाईनं कोपर मारलं तेव्हा दचकून उठली, "हाय, हाय." सगळे हसले. पुढं तिला सवय झाली. पुढं पुढं तर घरी कुणी "केराबाई" म्हणून हाक मारली तरी ती क्षणभर थांबायची.

दगड जागचा हलू नये म्हणून त्याच्याभोवती टायरचं कडं ठेवायचं आणि हातोडी घालायची. माघातलं ऊन मुरमावरून वर यायचं आणि तोंड भाजायचं. केराबाईच्या तळव्यावर फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. एकदा दगडाची कपरी उडून भुवईखाली बसली. डोळा वाचला, पण आठ दिवस पापणी सुजून डोळा मिटलेला. एका डोळ्यानं ती दगड फोडत राहिली. सांगणार कुणाला? शिवबाईच्या डोळ्याला काही झालं नव्हतं. ती घरी धडधाकट होती.

फाल्गुन लागल्यावर एके दुपारी सायकलवरून एक माणूस आला. पायजमा, धुळीनं माखलेला पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. विरुपाक्ष त्याचं नाव. अक्कलकोटकडचा. जिल्ह्याच्या ठिकाणी आकडेवारीच्या कामावर होता. त्यानं बाभळीखाली एक मोठा कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. कागदावर गावांची नावं, त्यापुढं रकाने. लोक किती, काम करणारे हात किती, कामावर किती, बाहेर गेलेले किती.

"दोनशे चौदा मजूर," मुकादम म्हणाला. "समदे कुरणवाडीचे."

"त्यात बायका?"

"एकशे नव्वद."

विरुपाक्षनं दुसरा कागद काढला. "नवीन जनगणनेला कुरणवाडीत बायका एकशे साठ. म्हाताऱ्या आणि पोरीबाळी धरून. एकशे नव्वद कुठून आल्या?"

मुकादम हसला. "आमच्या बायका लई कष्टाळू, सायेब. एकीचं दोन काम."

विरुपाक्ष हसला नाही. तो ढिगांमधून फिरत आला आणि बायकांसमोर उभा राहिला. त्याचं मराठी कानडी वळणाचं होतं, सावकाश. "अव्वा, ऐका माझं. गावाचा एक आकडा असतो. त्याच्या पोटात वस्त्या झाकून जातात. मी वस्तीवार तक्ता करतोय. पंधरा दिवसांनी बैठक आहे. ज्या वस्तीची माणसं पोटासाठी जास्त बाहेर पडलीत तिथं काम काढा, असं मी त्या कागदावर दाखवणार. तांबूळवाडीपुढं आत्ता शून्य आहे. इथं तांबूळवाडीचं कोण असेल तर हात वर करा."

हातोड्या थांबल्या. कुणी हात वर केला नाही.

बजाबाईनं तोंडावरचा पदर न काढता विचारलं, "ज्यानं सांगितलं त्याचं हितलं काम ऱ्हाईल का?"

"ते माझ्या हातात नाही."

"आन् तितं काम निघंलच?"

"तेही माझ्या हातात नाही. मी कागद नीट लिहू शकतो, एवढंच."

"मग लिवा की शून्य," बजाबाई म्हणाली, आणि तिची हातोडी पुन्हा पडली. मग दुसरी. मग सगळ्या.

तो बाभळीखाली परत गेला. कस्तुरानं बाळासोला कमरेवर घेऊन त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"कुठली गं तू?"

"कुरनवाडीची."

"शाळेत जातेस?"

"जात हुते. चौथीत."

"गुरुजी कोण?"

"मानसिंग गुरुजी," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

विरुपाक्ष पाणी प्यायला. त्यानं तांब्या खाली ठेवला. मानसिंग गुरुजी कुठल्या शाळेवर आहेत ते त्याला माहीत असावं, कारण त्यानं कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं होतं. पण त्यानं लिहिलं काही नाही.

"लिवा की," कस्तुरा पुटपुटली.

"मला कळलं म्हणून लिहिता येत नाही, बाळ. ज्याचं त्यानं सांगावं लागतं."

ती हलली नाही. बाळासो तिच्या केसांशी खेळत होता. "सायेब, आकडा चुकला आसला तर खोडता येतो?"

"कुठला आकडा?"

"नऊ."

मग तिनं सांगितलं. घागरी, अठरा दिवस, सुतळीच्या आतमंदी. आयेच्या दोन ओंजळी. बापाचं नवं नाव. ती भरभर बोलली, पाठ म्हटल्यासारखी. विरुपाक्ष चष्मा काढून ऐकत होता. ती थांबल्यावर तो कागदाकडं बघत राहिला, डावीकडून उजवीकडं, पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत.

"ह्याला इथं रकाना नाही," तो म्हणाला. "नऊ खोडता येणार नाही. माणसं किती बाहेर पडली तेवढंच मला लिहिता येईल. तेही कुणी सांगितलं तर."

पाच वाजता हजेरी सुरू झाली. कारकून नाव घ्यायचा, बाई उठून "हाय" म्हणायची आणि हातोडी जमा करायची. विरुपाक्ष सायकलला पिशवी अडकवत होता.

"शिवबाई!"

केराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "हाय."

"न्हाय," कस्तुरा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "ती शिवबाई न्हाय. ती माझी आय हाय. केराबाई. खडकमाळ, तांबूळवाडी."

कारकुनाचा हात थांबला. मुकादम दोन ढांगांत पुढं आला. त्यानं कस्तुराकडं पाहिलं, विरुपाक्षकडं पाहिलं, आणि केराबाईच्या हातातली हातोडी ओढून घेतली. कारकुनानं नावावर आडवी रेघ मारली. आठवडा भरायला एक दिवस उरला होता. त्या आठवड्याची मजुरीही त्या रेघेखाली गेली.

केराबाईनं पोरीला मारलं नाही. तिनं बाळासोला तिच्या कमरेवरून घेतलं, टायरचं कडं पायानं बाजूला सारलं आणि चालू लागली. सुजून उतरलेला डोळा ती हाताच्या पाठीनं पुसत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

विरुपाक्षनं सायकल झाडाला टेकवली, कागद पुन्हा उघडला. तांबूळवाडी, खडकमाळ. शून्यावर रेघ मारून त्यानं शेजारी एक लिहिला.

"एकानं हुतंय का?" कस्तुरानं विचारलं.

तो तिच्याशी खोटं बोलू शकला असता. "एक असला तर बैठकीत शून्यच धरतात."

"मग किती पायजेत?"

"तीस तरी."

कस्तुरा वळली. उरलेल्या बायका ओळीनं आपापल्या ढिगामागं बसल्या होत्या, आपलं नाव यायची वाट बघत. त्यातल्या कोण खडकमाळाच्या, कोण गावंदरीच्या, कुणाच्या घरी किती पोरं, हे सगळं तिला पाठ होतं. बोट दाखवलं असतं तर घटकेत तीस झाल्या असत्या. तिनं हात फ्रॉकच्या मागं धरले.

ती बजाबाईच्या ढिगापाशी गेली आणि तिच्यासमोर खाली बसली. "काकी," ती म्हणाली, "तुमी सांगा."

बजाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. कारकुनानं "रंभाबाई!" अशी हाक दिली. बजाबाई उठली, "हाय" म्हणाली, हातोडी टाकली आणि परत ढिगामागं येऊन खाली बघत बसली.

मग कस्तुरा उठली आणि पुढच्या ढिगाकडं गेली.